जुनी रायफल, नवा ठिपका

भोसरीच्या टूलरूममध्ये शंभर मिलिमीटर लांबीची पट्टी एका टोकाला पाच शतांश मिलिमीटरने कलती बसली, तर पुष्कळ जॉबना ते चालून जातं. हीच पट्टी रायफलीवरच्या साइटची बैठक असेल, तर शंभर मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर बाजूला लागते आणि दोनशे मीटरवर दहा. हिशोब शाळेतला आहे : ०.०५ भागिले १००, गुणिले अंतर.

पण गंमत अशी की, पट्टी कलती बसली म्हणून काही बिघडत नाही. साइटला उंची आणि आडव्या दिशेचे दोन स्क्रू असतात; ते फिरवून हा फरक काढून टाकता येतो. बिघडतं ते तीच पट्टी दर गोळीला थोडी वेगळी कलू लागली म्हणजे. स्वस्त आधुनिक साइट जुन्या लष्करी रायफलीवर बसवण्याचा सगळा खटाटोप या एका भेदाभोवती फिरतो. चूक कायम असेल तर ती चूक उरत नाही. हलणारी चूक मात्र कुठल्याच स्क्रूने निघत नाही. जिग आणि फिक्श्चर यांवर पोट असलेल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

जुनी लष्करी रायफल म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती .३०३, म्हणजे ली-एनफिल्ड. तीही बहुधा पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेली. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने हाच घाट कायम ठेवून नव्या ७.६२ काडतुसासाठी २-ए आणि पुढे २-ए-१ या आवृत्त्या काढल्या. आधीच्या रायफलींवर मागच्या साइटची पट्टी दोन हजार यार्डांपर्यंत आखलेली असे. २-ए-१ वर ती आठशे मीटरवर थांबली, आणि या बदलात मला पुष्कळ शहाणपण दिसतं. दोन हजार यार्डांवरचा माणूस लोखंडी साइटमधून दिसतच नाही. तो आकडा एका अख्ख्या तुकडीने एकाच दिशेला गोळ्यांचा मारा करायच्या जमान्यातला. पोलिसांच्या खांद्यावर मात्र .३०३ पुढेही बरीच वर्षं राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभाने निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. मुंबईत २६/११ च्या रात्री आपल्या पोलिसांपैकी अनेकांच्या हाती तीच होती.

एनसीसीत .२२ चालवलेल्यांना लोखंडी साइटची अडचण आठवत असेल. बॅकसाइटची खाच डोळ्यापासून हातभर, फोरसाइटची टिप नळीच्या टोकाला आणि टारगेट पार पलीकडे. तिन्ही एका रेषेत आणायची, पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. म्हणून उस्ताद सांगतो : टिप स्पष्ट दिसू दे, टारगेट धूसर दिसलं तरी चालेल. जुन्या .३०३ वर या दोन साइटमधलं अंतर सुमारे ४९ सेंटिमीटर. टिप खाचेत मिलिमीटरचा दहावा भाग इकडेतिकडे झाली, तर शंभर मीटरवर दोन सेंटिमीटरचा फरक. विशीतला डोळा हे निभावतो. चाळिशी लागलेल्या डोळ्याला खाचही धूसर, टिपही धूसर आणि नेमकं टारगेट तेवढं लख्ख दिसतं, म्हणजे उस्तादाने सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

लाल ठिपक्याची साइट, जिला सगळे रेड डॉट म्हणतात, ती ही तीन अंतरांची भानगडच मिटवते. आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या वक्र काचेवर पडतो. त्या काचेवर असा मुलामा दिलेला असतो की, तो लाल रंगाची एक अरुंद पट्टी तेवढी परत फेकतो आणि बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. एलईडी वक्र काचेच्या नाभीवर ठेवलेला असल्यामुळे परत येणारे किरण समांतर होतात. समांतर किरण डोळ्याला फार दूरवरून आल्यासारखे भासतात. त्यामुळे ठिपका काचेवर न दिसता पार पलीकडे, टारगेटच्याच अंतरावर टेकलेला दिसतो. डोळा टारगेटवर ठेवायचा, ठिपका आपोआप स्पष्ट. डोकं थोडं हललं तर ठिपका काचेत सरकतो, पण टारगेटवरची त्याची जागा जवळपास तीच राहते. दुर्बिणीसारखी ही साइट काहीच मोठं करून दाखवत नाही, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

ही कल्पना जुनी आहे. आयर्लंडमधल्या दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रबने परावर्तक साइटचं पेटंट १९०० सालीच घेतलं होतं. तिला रायफलीवर बसण्याजोगी, विजेवर चालणारी करून बाजारात आणली ती स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने, १९७५ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी, नोव्हेंबर १९७० मध्ये, अमेरिकेच्या कमांडोंनी उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला. लोखंडी साइट अंधारात निकामी होत्या, म्हणून त्यांनी शिकाऱ्यांच्या बाजारात मिळणारी सिंगलपॉइंट नावाची स्वस्त साइट रायफलींवर चढवली. त्या साइटमधून आरपार दिसतच नसे. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला जग, आणि मेंदू दोन्ही एकत्र जोडून घेई. छाप्यात एकही कैदी हाती लागला नाही, त्यांना आधीच हलवलं होतं. साइटने मात्र आपलं काम केलं. स्वस्त म्हणजे टाकाऊ, असं या क्षेत्रात पहिल्यापासूनच नव्हतं.

आज हीच वस्तू काही हजार रुपयांत मिळते, याचं कारण तिच्या आत महागडं असं फार काही राहिलेलं नाही. एलईडी, मुलामा दिलेली एक काच, नाण्याएवढी लिथियम बॅटरी आणि ॲल्युमिनियमचा देह. साइट खरोखर महाग कशाने होते, ते पाहायला भोसरीबाहेर जायला नको. भोसरी एमआयडीसीतच १९९० मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने नेदरलँड्सच्या डेल्फ्ट कंपनीबरोबर भागीदारीत एक कारखाना उभा केला. पुढे तो बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस या नावाने ओळखला गेला. तिथे रात्री पाहण्याच्या साइटचं काळीज तयार होतं, म्हणजे प्रकाश वाढवणारी नळी. चांदण्यांचा क्षीण उजेड तिच्या पहिल्या पडद्यावर पडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. मग ते एका पातळ चकतीतल्या लाखो अतिसूक्ष्म छिद्रांमधून जातात आणि छिद्राच्या भिंतीवर आपटत आपटत एकाचे हजारो होतात. शेवटी ते हिरव्या पडद्यावर आदळतात आणि चित्र दिसतं. हे सगळं निर्वात नळीत, धुळीचा कण चालणार नाही अशा खोलीत. त्या नळीच्या किमतीपुढे लाल ठिपक्याची किंमत चिल्लर आहे. दोन्ही वस्तू रायफलीवर एकाच तऱ्हेच्या पट्टीवर बसतात, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं.

आता बैठकीकडे येऊ, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे. ली-एनफिल्ड आखली गेली तेव्हा तिच्यावर कधी काच बसेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तिच्या दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये गोळ्या वरून भरतात, पाच-पाच गोळ्या धरणाऱ्या दोन पट्ट्यांनी, म्हणजे चार्जरनी. म्हणजे बोल्टच्या वरची जागा मोकळी हवी, आणि दुर्बीण बसवायला सगळ्यात सोयीची जागाही नेमकी तीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर दोन तोडगे काढले. एक म्हणजे दुर्बीण डाव्या अंगाला, रेषेच्या बाहेर बसवायची. चार्जर भरता येई, पण गालाचा टेकू सुटे आणि नेमाची रेषा नळीच्या बाजूने जाई. दुसरा तोडगा आजच्या स्वस्त ठिपक्याचा खरा पूर्वज आहे. गॅलिलिओच्या दुर्बिणीतली दोन भिंगं घ्यायची, मोठं फोरसाइटपाशी आणि बारीक बॅकसाइटपाशी अडकवायचं, मध्ये नळकांडंच नाही. १९१५ च्या सुमारास लॅटी नावाची अशी साइट सैन्यात आली. ती स्वस्त होती आणि बसवायला सोपी. पण पाऊस-चिखल सरळ भिंगावर, दृष्टिक्षेत्र अगदी अरुंद, आणि दोन भिंगांपैकी एकाला धक्का लागला की नेमाची वाट. महायुद्ध संपलं तशी ती नाहीशी झाली.

दुसऱ्या महायुद्धात हे काम नीट झालं. ली-एनफिल्डच्या नंबर चार आवृत्तीच्या निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक घडवणाऱ्या पेढीकडे जात. तिथे डाव्या अंगाला दोन पोलादी पॅड स्क्रूने आणि डाखाने पक्के करत, मग ते नळीच्या अक्षाशी जुळवून घेत, आणि त्यावर ब्रॅकेटसह तीनपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवत. ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीची, आणि तिचा क्रमांक त्या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर ठोकलेला. एकीची दुसरीला चालत नसे. एवढं करूनही पुढच्या पॅडचे स्क्रू ढिले होणं ही त्या रायफलीची नेहमीची तक्रार होती. कुशल कारागिरांनी, सरकारी पैशाने, एकेका रायफलीला जुळवून केलेल्या कामाची ही गत. मग ‘सगळ्या जुन्या रायफलींना बसते’ असं खोक्यावर छापलेल्या पट्टीकडून काय अपेक्षा ठेवायची?

तरी रेड डॉटने एक वाट मोकळी केली आहे. दुर्बिणीला डोळा ठरावीक अंतरावर, साधारण आठ-नऊ सेंटिमीटरवर लागतो. रेड डॉट डोळ्यापासून हातभर दूर असली तरी चालते. त्यामुळे ती बोल्टच्या वर न बसवता पुढे, नळीवर, जुन्या बॅकसाइटच्या जागी बसवता येते. चार्जर वरून भरता येतो, बोल्ट मोकळा राहतो. बॅकसाइटची पट्टी ज्या पिनेवर फिरते ती पिन काढायची, त्याच भोकात नवी पट्टी अडकवायची. ड्रिल नको, टॅप नको. हौशी लोक परदेशात हेच करतात, आणि पद्धत म्हणून ती मला पटते, कारण पुढे मन बदललं तर रायफल होती तशी परत करता येते. शंभर वर्षांच्या रायफलीच्या पोलादात चार भोकं पाडली की तिची वस्तू म्हणून असलेली किंमत गेली. ती पुन्हा भरून येत नाही.

पण ते भोक शंभर वर्षांचं असतं. त्यात दोन शतांश मिलिमीटरची ढिलाई आणि पट्टी साठ मिलिमीटर लांब, असं धरा. शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरहून जास्त फरक, आणि तो दर गोळीला वेगळा. शिवाय नळी तापते, लांबते, गोळी सुटताना थरथरते. तिच्यावर वाढवलेलं वजन ती थरथर बदलतं.

आणि मग धक्का. गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर, मागोमाग जळालेल्या पावडरचा वायू. याची परतफेड म्हणून चार किलोची रायफल सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास वेगाने मागे येते. यातला बराचसा वेग ती गोळी नळीत असतानाच, दीड-एक मिलिसेकंदात घेते. ढोबळ हिशोबाने हा सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपट भरतो, क्षणिक कमाल त्याहून बरीच वर. म्हणजे दीडशे ग्रॅमची साइट तेवढ्या क्षणापुरती बावीस-तेवीस किलोची होते, आणि ते सगळं वजन आडवं, दोन बारीक स्क्रूंवर येतं. इथे मशिनशॉपमधला माणूस लगेच विचारील की डॉवेल कुठे आहे? बरोबर प्रश्न. स्क्रूने फक्त दाबून धरायचं असतं. आडवा भार घ्यायला पट्टीच्या खाचेत बसणारा लग हवा. चांगल्या बैठकीत तो असतो आणि खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच स्क्रू आवळतात. स्वस्त बैठकीत तो नसतो किंवा खाचेत डुलत असतो. अशा वेळी माणूस स्क्रू आणखी आवळतो, ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि दोष साइटला देतो. साइटच्या आतही धक्का सोसावा लागतो. बॅटरीची पितळी पट्टी उडून क्षणभर वीज तुटते, ठिपका लुकलुकतो. हलक्या साइटमध्ये नेमाचे स्क्रू फिरवले तरी आतली काच लगेच सरकत नाही. पुढच्या गोळीच्या धक्क्याने ती जागेवर येते. जुन्या लेथच्या स्लाइडला बॅकलॅश असतो तसाच हा प्रकार.

बैठक घट्ट बसली तरी उंचीचा हिशोब उरतोच. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते; .३०३ ची गोळी शंभर मीटर जाईपर्यंत सुमारे दहा सेंटिमीटर खाली आलेली असते. साइट नळीच्या वर पाच सेंटिमीटर असेल, तर जवळच्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या खाली लागते, मग वर चढून रेषा ओलांडते, पुढे पुन्हा खाली उतरते. म्हणून झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, कुठल्या अंतराला केलं ते माहीत नसलेली साइट म्हणजे खुणा पुसलेलं मायक्रोमीटर. ठिपक्याचा आकारही पाहावा. तो कोनाच्या मिनिटांत सांगतात, आणि एक मिनिट म्हणजे शंभर मीटरवर २.९ सेंटिमीटर. चार मिनिटांचा ठिपका तिथे साडेअकरा सेंटिमीटरचा गोल झाकून टाकतो. ज्या जुन्या रायफलीची नळी स्वतःच तेवढ्याच वर्तुळात गोळ्या विखुरते, तिला हे पुरे. पण झिजलेली नळी, जुनी काडतुसं आणि वर्षाकाठी मोजक्या गोळ्यांचा सराव यांतलं काहीही कुठलाच ठिपका सुधारत नाही. २६/११ नंतर रायफली बदलायची चर्चा खूप झाली. सरावाच्या गोळ्यांची तेवढी झाली नाही, असं माझं मत आहे.

काचेशिवाय काय साधतं, याचा पुरावा महाराष्ट्राकडेच आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं होतं. या प्रकारांत दुर्बीण चालत नाही, ठिपका चालत नाही. डोळ्याजवळ बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाला एक कडी, एवढंच. टारगेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे कोनाच्या एका मिनिटाहूनही लहान. छिद्र बारीक असल्यामुळे जवळचं आणि दूरचं दोन्ही पुरेसं स्पष्ट दिसतं. कॅमेऱ्यातही छिद्र लहान केलं की हेच होतं. आणि त्या रायफलीवरची बॅकसाइट अशी बसवलेली असते की ती काढून पुन्हा लावली तरी तिथेच येते. पुन्हा बैठकच.

हे वाचून कुणाचे हात शिवशिवले, तर कायदा आधी पाहावा. .३०३ आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. परवान्यावर मिळते ती ईशापूरचीच .३१५, जिचा बोल्ट आणि सांगाडा ली-एनफिल्डचाच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करणं किंवा तिच्यात बदल करणं, यासाठी वेगळा परवाना लागतो. आपल्या मशिनवर मित्राच्या रायफलीला दोन भोकं पाडून देणं हा गुन्हा आहे, मग मशिन कितीही अचूक असो.

विनापरवाना शिकायची सोय एअर रायफलीवर आहे : .१७७ बोअरची आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. तिच्यावर स्वस्त साइट बसवून पाहा, पण स्प्रिंगची रायफल असेल तर एक ध्यानात ठेवा. तिच्यात पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका खाते. .३०३ चा धक्का सोसलेली साइटही या दुहेरी झटक्याने कधी कधी निकामी होते, कारण तिच्या आतले टेकू एकाच बाजूचा मार धरून केलेले असतात. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडीच्या क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे. खरेदीच्या आधी तिथे जाऊन जाणत्या प्रशिक्षकाला विचारा. आणि बजेट ठरवताना जेवढे पैसे साइटला, तेवढेच बैठकीला ठेवा.